साध्या पाण्याची टाकी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पिल्लांची आई’ म्हणत, कारण बेडकांची शेपटीवाली पिल्लं तीच सांभाळायची. खऱ्या आईपणाने मात्र तिला वर्षानुवर्षं हुलकावणी दिली होती. आता कुठे दिवस गेले होते, आणि बाई ताकही फुंकून पीत होती. कॅन्सरच्या औषधाची टाकी तिने लगेच शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या ताईंच्या गळ्यात घातली. वाढत्या जिवाच्या मुळावर येणारं औषध ते, त्याच्या वाऱ्याला कोण उभं राहील?

प्रयोग सोपा होता. सोमवारी पिल्लांच्या शेपटीचं टोक कापायचं. साध्या पाण्यात ते हळूहळू पुन्हा फुटतं, औषधाच्या पाण्यात फुटत नाही.

या खेपेला साध्या पाण्यातही फुटलं नाही. थोटकी पिल्लं तळाशी पडून राहिली. तिला ते बघवेना.

“ताई, तुमचं औषध माझ्या टाकीत उडालंय.”

“तुझी टाकी या खोलीत, माझी त्या खोलीत. औषधाला काय पाय फुटले?”

पाणी बदललं, टाकी बदलली, नवी पिल्लं आणली. पुन्हा तेच. पुढच्या सोमवारी ताई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. ती खाऊ बोटांनी चुरून पाण्यात सोडत होती.

“हातमोजे?”

“साध्या टाकीला कशाला?”

“सकाळी या हातांनी काय केलंस?”

“काय करणार? सासऱ्यांना गोळी दिली. सांधेदुखीची, दर सोमवारी असते. त्यांना गिळवत नाही, म्हणून चुरून मधात कालवते.”

ताई हसल्या नाहीत. “गोळीचं नाव काय?”

नाव तिने कधी वाचलंच नव्हतं. गोळ्या नवरा आणायचा. तिने घरी फोन लावला. सासऱ्यांनी चष्मा शोधला आणि सुनेने काही विचारलं या आनंदात पाकिटावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. ताईंच्या टाकीवर चिकटवलेलं नाव तेच होतं. सांध्यांनाही तेच देतात, हे ताईंना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

ताईंनी तिला स्टुलावर बसवलं.

“घाबरू नकोस, आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. नुसतं हाताला लागलंय ना? पोटात तर नाही ना गेलं?”

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटाला राहिलेला मध तिने दर सोमवारी चाटला होता.