दोराचं पोट

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं मुळातच संशयी, आणि हा तर त्यांच्यातला मेरुमणी. बायकोने बंद केलेला गॅस तो पुन्हा जाऊन बघायचा, मुलीने भरलेलं दप्तर रिकामं करून पुन्हा भरायचा. वीस वर्षं लोकांना वर-खाली नेणाऱ्या दोरांवर जागता पहारा ठेवलेला माणूस, दुसरं काय करणार! कामावरची एक सवय तर हाडीमाशी खिळली होती. नट आवळला की त्यावर लाल खडूची रेघ ओढायची. रेघ ओढली की तो नट आपला, उद्या काही झालं तर मान आपली. खडूचा तुकडा सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात असे.

अशा माणसाला मुलीच्या गाइड पथकाच्या सहकुटुंब शिबिराला दोन दिवस तंबूत राहायला आणलं होतं. मुलगी बारा वर्षांची. दिसायला एवढीशी, पण आपल्याहून मोठं ओझं उचलायची खोड, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. यंदा ओढ्यावर दोरांचा पूल बांधायचं काम तिच्या तुकडीकडे होतं आणि तुकडीची नायिका तीच होती. पूल पास झाला तर तिला बिल्ला मिळणार होता. त्यासाठी पथकाचा एक नियम होता: पूल बांधणारीच्या घरच्या माणसाने त्यावर पहिलं पाऊल टाकायचं. मुंगीने बाबाचं नाव दिलं.

"आईचं दे की," तो म्हणाला.

"आई कुणाच्याही पुलावरून जाईल. तू गेलास तर खरं."

शनिवारी दुपारभर सहा मुली ओढ्याच्या दोन्ही काठांवर राबल्या. ओढा अरुंद, पण दोन पुरुष खोल, आणि तळाला नुसते धोंडे. दोन्हीकडे बल्ल्या फुलीत बांधून केलेल्या कैच्या उभ्या राहिल्या. त्यांवरून पायासाठी एक जाड दोर आणि हातांसाठी दोन बारीक दोर गेले, आणि सगळ्यांची टोकं मागे जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधली गेली. मुंगी कुणावर ओरडत नव्हती. ती नुसतं बोट दाखवायची आणि काम व्हायचं. घरी दहा वेळा सांगूनही पाण्याची बाटली न भरणारी हीच का ती पोर, असं त्याला वाटून गेलं.

पण पायाचा दोर मध्यावर पोट काढून खाली लोंबत होता. ते पोट बघून चहा त्याच्या घशाखाली उतरेना.

"ढिला राहिलाय," तो बायकोला म्हणाला.

"अरे, तिच्या कॅप्टनताईंनी बघितलाय."

"त्या दातांच्या डॉक्टर आहेत."

"मग तुझी जीभ दाताखाली ठेव आणि गप्प बस," बायको म्हणाली.

तो गप्प बसला, पण उजाडेपर्यंतच. पहाटे तंबूबाहेर आला तर ओढा धुक्याने काठोकाठ भरलेला, आणि त्या धुक्यावर पूल नुसताच टांगलेला. खाली जमीन नाही, वर आभाळ नाही, मध्ये फक्त लेकीच्या हातचे तीन दोर. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग सवयीने डोकं वर काढलं. त्याने खुंटीवरची जाड दोराची गाठ सोडली, पाय रोवले, दोर ओढून पोट पार काढून टाकलं आणि गाठ पुन्हा आवळली. कुणाला कळलं नाही. आता कुठे त्याला चहा गोड लागला.

नऊ वाजता सगळी कुटुंबं काठावर जमली. त्याच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून झाला. तेवढ्यात मुंगी म्हणाली, "एक मिनिट."

तिने दोरावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. लिफ्ट सुरू करण्याआधी दोरावर तो अगदी असाच हात ठेवायचा. लहानपणी एकदा ती त्याच्याबरोबर कामावर आली होती, दारात बसून खाऊ खात होती. काय बघत होती, कोण जाणे.

मग ती खुंटीपाशी गुडघ्यांवर बसली. खुंटीमागच्या मातीला बोटभर भेग गेली होती.

"काल दोर असा नव्हता. याचं पोट कुणीतरी काढलंय."

"थोडा ताठ झालाय, एवढंच ना?" कॅप्टनताईंनी विचारलं.

"पोट असलं की दोराला भार पेलायला सोपं जातं, ताई. ताठ केला की खुंटीला कितीतरी जास्त ओढ बसते. बाबा मध्यावर गेला की ही उपटून येईल."

त्याची सगळी हयात टांगलेल्या दोरांत गेलेली. आडव्या दोराचा कायदा निराळा असतो, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात तिचं लक्ष गाठीकडे गेलं. गाठीवर लाल रेघ होती. ती कधी ओढली, हे त्यालाही आठवेना. मुंगीने रेघेकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि गाठ हाताने झाकली.

"माझंच काहीतरी राहिलं असेल, ताई. पूल पास करू नका."

कॅप्टनताईंनी वहीवर पेन टेकवलं. एवढ्या राबलेल्या पाच मुलींचे चेहरे उतरले. मुंगीची मान मात्र ताठ होती.

"थांबा," तो म्हणाला. "तिचं काही राहिलं नाही. गाठ मी सोडली. ती रेघ माझी आहे."

कॅप्टनताईंनी वहीवरून पेन उचललं. बायकोने कपाळावर हात मारला. मुंगी रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "बाबा, खुंटी धर."

त्याने खुंटी धरली. मुलींनी शेजारी दुसरी ठोकली. मुंगीने दोर सैल सोडला, वितीने मापलं, पोट जिथल्या तिथे आणलं आणि गाठ मारली. मग त्याच्यापुढे हात पसरला.

"खडू."

त्याने तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने आपल्या गाठीवर एक सरळ रेघ ओढली.

"जा आता."

त्याचा हात गाठ चाचपायला निघाला. त्याने तो मागे घेतला आणि दोरावर पाय ठेवला. दोर खाली गेला, कुरकुरला आणि थांबला. एकेक पाऊल टाकत तो मध्यावर आला, पोट सगळ्यात खोल होतं तिथे. खाली पाणी खळाळत होतं. वीस वर्षं अनोळखी माणसं त्याच्या रेघेच्या भरवशावर लिफ्टमध्ये पाय टाकत होती, मान वर करून कुणी दोर बघतही नव्हतं. एवढा मोठा विश्वास माणसं रोज टाकतात कशी, हे त्याला आज उमगलं. त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, थांबलास का?" काठावरून मुंगी ओरडली. "काही चुकलंय?"

"नाही गं," तो म्हणाला. "उभा राहून बघतोय."