भारदस्त शब्द

करंजपाड्यातली पहिली इंग्रजी बी.ए. म्हणजे भावना. गाव गव्हाणच्या वाटेवरचं, ऐंशी घरांचं, भिंतीला भिंत. भावाभावांत वाटण्या होत गेल्या तसं ज्याने त्याने अंगणातच घर बांधलं. गुणाकाकीने खिडकीतून हात लांबवला की कालवणाची वाटी थेट भावनाच्या ओट्यावर. आई गेल्यावर पोर त्याच वाट्यांवर वाढली.

२०११ साली पनवेलच्या एका सर्व्हे कंपनीत तिला नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात फॉर्म भरायला तिच्या वाट्याला तिचंच गाव आलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा: वस्ती कशी आहे, एका शब्दात. तिने ‘क्राउडेड’ लिहिलं. तिचे साहेब, अविनाश सर, हसले. “हे शाळेतल्या निबंधातलं झालं. जरा भारदस्त लिहा.”

झालं! बाईसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डिक्शनरी उघडली. डेन्स, कॉम्पॅक्ट, कन्जेस्टेड. तिन्हींपुढे अर्थ एकच, दाट. ‘डेन्स’ तिला आखूड वाटला, ‘कॉम्पॅक्ट’ अगदीच दुकानाच्या पाटीवरचा. तिने सगळ्यांत लांबलचक होता तो लिहिला. सर म्हणाले, “वा!” त्या एका ‘वा’वर ती दोन दिवस तरंगत होती. शहाणपण कशाशी खातात, हे काही बी.ए.ला शिकवत नाहीत.

सहा महिन्यांनी त्याच सर्व्हेवरून सरकारी नोटिसा आल्या. ‘कन्जेस्टेड’ शेऱ्याच्या वस्त्यांत आगीचा बंब शिरेल एवढा रस्ता काढायचा, त्यासाठी घरांची मधली ओळ पाडायची. गुणाकाकीचं घर मधल्या ओळीत. भावनाचं कडेला, ते वाचलं. शेजारच्या पाड्याला कुणीतरी ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलं होतं. तिथल्या एका कौलालाही हात लागला नाही.

हरकतीचा अर्ज लिहून घ्यायला गाव तिच्याच दारात आलं. “भावना लिवील,” गावकीचा म्होरक्या काशीराम म्हणाला. “आपल्यात तिलाच येतंय इंग्रजी.” तिने लिहून दिला. तो शेरा कुणी लिहिला, तेवढं मात्र त्यात आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याने मूळ फॉर्म पुढे सरकवला. “हरकत कसली घेता? तुमच्याच गावच्या मुलीने लिहिलंय हे. ही बघा सही.”

काशीरामने तिच्याकडे पाठ फिरवली. गुणाकाकी मात्र कागदावर वाकली. वाचता येत नव्हतं, तरी वाकली.

“काय लिवलंस गो? काय अर्थ त्याचा?”

कोंदट, वाट अडवणारी, पाडण्याजोगी, असं सांगायला हवं होतं. चूक माझी, असंही सांगायला हवं होतं. भावनाच्या तोंडून निघालं, “दाट.”

“मंग खरंच हाय की!” काकी गावकऱ्यांकडे वळली. “दाटच ऱ्हातो आमी. पोरीनं खोटं नाय लिवलं. तिला कोनी बोलायचं नाय.”

“म्हणजे शेरा मान्य,” अधिकारी म्हणाला आणि त्याने शाईचं पॅड उघडलं. काकी पुढे झाली. अंगठा कुठे लावायचा, ते भावनानेच बोट ठेवून दाखवलं.