सूरपूर्णाचा पहिला वन्समोर

ऑर्केस्ट्राच्या नादी लागलेला नवरा कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मी आधी हासत हासत म्हणायची. आमचे मालक तसे कामाला वाघ. पण परभणीत सूरपूर्णा ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम हाय असं कानावर आलं की संपलं. बैल दावणीला, सायकल दाराबाहेर आन हे पिंगळीतून गायब. मी म्हणायची, "त्या पेटीवाल्याशीच लगीन लावायचं होतं की, मला कशाला आणलं?" हे मिशीतल्या मिशीत हासायचे आन टांग मारायचे.

म्हणून संक्रांत झाल्यावर पंडित आन अनंतराव आमच्या दारात आले तवा मला काही नवल वाटलं न्हाई. पंडित परभणीला कारकून, अनंतराव शाळेत मास्तर. दोघंबी ह्यांच्यासारखेच सूरपूर्णाचे येडे. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव संक्रांतीलाच बदललं होतं. गावोगाव पोलिसांच्या गाड्या फिरायल्या होत्या, पारावर माणसं दबक्या आवाजात बोलायली होती. आन ह्या तिघांना घोर कशाचा? तर सूरपूर्णाचा पहिला कार्यक्रम नेमका कोणत्या साली झाला!

झालं असं होतं की नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रानं पत्रकं वाटली होती. ह्या भागातला सगळ्यात जुना ऑर्केस्ट्रा म्हणे आमचाच. त्यांची सुरुवात ऐंशीच्या दसऱ्याची. सूरपूर्णाचा पहिला कार्यक्रम परभणीत गणपतीत झाला, एवढं समद्यांना ठाऊक होतं. पण कोणत्या गणपतीत, ते कुणालाच सांगता येईना. ऑर्केस्ट्राचा मालक वारला, वाजवणारे कुठल्या कुठं पांगले. ऐंशीचा गणपती निघाला तर आपले एका महिन्यानं जिंकले. एक्क्याऐंशीचा निघाला तर हरले.

"अठ्ठ्याहत्तर तर न्हाईच," अनंतराव म्हणले. "नामांतराच्या जाळपोळीत मराठवाडा पेटलेला. त्या साली मांडव घालायची कुणाची छाती होती?"

"आन एकोणऐंशीला यांच्यापाशी ड्रम कुठं होता?" पंडित म्हणला. "मी सांगतो, ऐंशीच."

"एक्क्याऐंशी," आमचे हे म्हणले.

मी चहा गाळायले होते, माझा हात थांबला. नांदेडवाल्यांचं नाव काढलं तरी थुंकणारा हा माणूस, आन जिंकायची वेळ आली तर आपल्या हातानं हरायलाय?

"नांदेडवाल्यांनी काही चारलं का तुमाला?" मी म्हणलं.

पंडित खो खो हासला. हे हासले न्हाईत.

वसरीत बाजेवर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे, किशनराव. त्यांना ऑर्केस्ट्रातलं काही कळत न्हाई, पण घरी माणसं आली की त्यांना बोलायला लागतं. ते म्हणले, "ऐंशी म्हणलं की माझी धुरपता गेली ते साल."

झालं. आता मामा ती गोष्ट सांगणार, हे मला कळलं. सारी पिंगळी ऐकून ऐकून पाठ झालेली गोष्ट. पारावर, लग्नाच्या पंगतीत, सोयरीक बघायला आलेल्या पाव्हण्यांपुढं, कुठंबी मामा ती सांगायचे. गौरी-गणपतीतल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. सवाष्णी जेवून उठल्या आन आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, छातीत कळ आली. डॉक्टरनं औषध लिहून दिलं, ते गावात न्हवतं.

"हा बन्सीधर सायकलवर निघाला," मामा म्हणले. "सणाचा दिवस, दुकानं बंद. पोरगं रातभर परभणीत एकेक दार ठोठावत हिंडलं. मागून भावकीतल्या लिंबाजीला धाडलं, त्यालाबी हा सापडला न्हाई. झुंजूमुंजू होताना बाटली घेऊन आला बगा, डोळे लाल, पायात गोळे. तवर ती गेली होती. पण असा लेक कुणाला भेटतो, सांगा?"

पंडितनं मान हालवली. अनंतरावांनी हळूच ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. आन मी? माझी मान ताठ. का न व्हावी? त्या रात्री आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "बन्सी आला का गं?" असं त्या घडीघडी विचारायच्या आन मी म्हणायची, "वाटंवर हायत, आलेच आता." त्या गेल्या तरी मला ह्यांचा राग कधी आला न्हाई. औषधासाठी रातभर वणवण केलेल्या माणसावर कोण रागवंल? माझ्या दोन्ही लेकरांना मी हेच सांगून वाढवलं, की बापासारखे व्हा.

तेवढ्यात पंडितनं पिशवीतून एक कॅसेट काढली. परभणीच्या लाऊडस्पीकरवाल्यानं त्या कार्यक्रमातच भरलेली. इतकी वर्षं त्याच्या माळ्यावर पडून होती म्हणे.

"वर काही लिवलेलं न्हाई," पंडित म्हणला, "पण पहिल्याच कार्यक्रमाची हाय, हे तो शपथेवर सांगतो. नीट ऐकली तर सालाचा काही ना काही सुगावा लागंल."

आमच्या घरात टेपरेकॉर्डर होता. घरात दुसरं काही असो नसो, तो होताच. पंडितनं कॅसेट लावली. आधी नुसती खरखर, मग पेटी, मग ड्रम. दोघं कान लावून बसले. निवेदकानं कुण्या पुढाऱ्याचं स्वागत केलं की हा तेव्हा नगराध्यक्ष होता का न्हवता, यावर दहा मिनिटं भांडण. दुसरं गाणं संपलं आन गर्दीतून हाळी आली, "वन्समोर, राजे होऽऽ!"

"अरे, हा तर बापू!" पंडित उडालाच. "बन्सीबापूचीच हाळी!"

मामांना असं हासू आलं की ठसका लागला. "बैलाला हाक मारावी तसा वरडतोय की रं!"

"मीच," हे म्हणले. बारीक आवाजात. मग उठलेच. "बास करा आता. बैलाला पाणी दाखवायचंय."

एरवी सूरपूर्णाचं गाणं लागलं की घर पेटलं तरी जागचा न हालणारा माणूस! मी म्हणलं, "बैलाला मी दाखवीन पाणी. दोस्त आलेत, बसा गुमान." हे माझ्याकडं बघत राहिले. ती नजर मला तवा कळली न्हाई. बसले बिचारे. बिचारे म्हणले मी, जीभ झडो माझी.

पंडितनं कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूला एक दर्दभरं गाणं संपत आलेलं. टाळ्या, शिट्ट्या. मग माईक किंचाळला आन निवेदक म्हणला:

"एक सूचना. पिंगळीचे बन्सीधर किशनराव ढगे जिथं कुठं असतील तिथून त्यांनी ताबडतोब घरी जावं. त्यांच्या मातोश्री अत्यवस्थ आहेत. पुन्हा सांगतो, पिंगळीचे बन्सीधर किशनराव ढगे..."

"सापडलं!" पंडितनं मांडीवर थाप मारली. "ऐंशी! काकू गेल्या तोच दिवस! महालक्ष्म्यांच्या जेवणाचा! आता पंचांग काढा, तारीखसुद्धा पक्की! जिंकलो की, मास्तर, नांदेडवाल्यांना..."

अनंतरावांनी त्याचं मनगट धरलं. पंडितचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. टेपवर ड्रम धडाडला, उडतं गाणं लागलं, लोकांनी ठेका धरला. गाणं संपलं. आन तीच हाळी आली, आधीपेक्षाबी मोठ्यानं. "वन्समोर, राजे होऽऽ!"

या माय! लाज ह्यांची होती, पण पेटलं माझं तोंड. आन खरं सांगते, पहिला विचार आत्याबाईंचा आला न्हाई मला. पहिला विचार आला तो असा, की हे पंडितनं ऐकलं, मास्तरनं ऐकलं, आता परभणीभर होणार. लाजेतबी पहिली लाज आली ती लोकाची. कसली बाई मी!

पंडितचा हात बटनाकडं गेला.

"राहू दे," मामा म्हणले.

"काका, ही सूचना शेवटी शेवटी दिलेली असंल," पंडित घाईघाईनं बोलायला लागला. "कार्यक्रम संपताना. म्हणजे तसं काही..."

तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. ते संपलं, त्याच्या पुढचं लागलं. ढोलकीचं एक, मग नकला, मग परत गाणं. पंडित मान खाली घालून नखं बघायला लागला. मामा मात्र बाजेवर ताठ बसून ऐकत होते. जन्मात त्यांनी ऑर्केस्ट्रा एवढा ध्यान देऊन ऐकला नसंल. मधे दोनदा ह्यांची हाळी आली. दर हाळीला मामांच्या डोळ्याची पापणी तेवढी हालायची. चहावर साय धरली. मला उठून तो टेप उखळात घालून कुटावा वाटत होतं.

शेवटी कॅसेट संपून बटन वर आलं.

"तुझं नाव पुकारलं ते ऐकू आलं होतं का?" मामांनी विचारलं.

अनंतराव पटकन म्हणले, "काका, एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंधळात कुठलं ऐकू..."

"मास्तर, मी माझ्या लेकाला विचारायलोय."

हे भुईकडं बघत होते. थापा मारायची सोय अजून होती. दोस्तांनी वाट करून दिली होती. मी मनात म्हणायले होते, न्हाई म्हणा, मालक, न्हाई म्हणून टाका.

"आलं होतं, आबा."

"मग?"

"उठलो होतो मी. खरंच उठलो होतो. तेवढ्यात गाणं लागलं. म्हणलं एवढं एक ऐकून जावं."

"आन औषध? ते कवा भेटलं?"

"दिवे लागायच्या वक्ताला. पहिल्याच दुकानात. खिशात होतं."

खिशात होतं. माझ्या मांडीवर आत्याबाई "बन्सी आला का गं" करायल्या होत्या, आन बाटली ह्यांच्या खिशात, आन हे वन्समोर वन्समोर करत नाचायले होते. तेरा वर्षं ह्याच माणसाला ताट वाढलं मी.

अनंतराव उठले. टोपी हातातच होती. "काका," ते म्हणले, "ह्या कॅसेटवरून काही पक्कं ठरत न्हाई. आमी पत्रकावर एक्क्याऐंशीच छापतो. जिंकू द्या नांदेडवाल्यांना."

"व्हय, एक्क्याऐंशीच," पंडित म्हणला. "बापू तर पहिल्यापासून तेच सांगायलाय."

सूरपूर्णासाठी एकमेकांची गचांडी धरणारी ही माणसं. आमची अब्रू झाकायला ती आपल्या ऑर्केस्ट्राला खाली ओढायला तयार झाली होती. बोलताना दोघांनीबी ह्यांच्याकडं बघितलं न्हाई. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऐंशीच छापा," मामा म्हणले. "खरं हाय ते. तेरा वर्षं मी गावाला खोटं सांगत आलो, पण मला ठाऊक न्हवतं. तुमाला ठाऊक हाय, मग तुमी कामून खोटं छापता?"

दोघं निघून गेले. कॅसेट इथंच विसरले, का मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

मामांनी पटका मागितला. मी आणून दिला. ते बांधायला लागले, तीनदा सुटला. काठी घेतली आन पायऱ्या उतरले.

"मामा, कुठं निघालाव?" मी मागं धावले.

"पारावर."

"मामा, पाया पडते तुमच्या. राहू द्या. घरातलं घरात राहू द्या. लेकरं मोठी झालीत, उद्या त्यांना सोयरीक यायची."

मामा उंबऱ्याबाहेर थांबले. रागावले न्हाईत. असे बोलले की जसं बाजारातून काय आणायचं ते सांगायलेत.

"पोरी, ज्यांना ज्यांना मी ते सांगितलं, त्यातले निम्मे मरून गेले. त्यांना आता कुठं गाठू? उरलेल्यांना तरी सांगून येतो."

ते गेले. वसरीत हे अजून तसेच बसलेले, मान छातीवर. मी दारात उभी राहून मामांची पाठ बघत होते. मामांना कुणीतरी थांबवावं, वाटंत कुणी भेटून दुसऱ्याच गोष्टीला लावावं, असं मला वाटत होतं. आन तसं वाटतंय याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटायली होती.