तरंगती घोडी

कुलदीपने गिटार टॉवेलवर पालथी घातली आणि पाठीवरच्या पांढऱ्या झाकणाचे सहा स्क्रू काढले. आत तीन स्प्रिंगा ताणून बसवलेल्या होत्या. भामाताई चष्मा सावरत काउंटरवर वाकल्या. वाद्याच्या पोटात असं काही असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, माझे कानच गेले," त्या हळू म्हणाल्या. "एक तार षड्जाला उतरवली की बाकीच्या आपोआप चढतात. त्या उतरवाव्यात, तर पहिली पुन्हा वर. चार दिवस हेच चाललंय."

कुलदीपला मराठी कळायचं. बोलताना मात्र तो आपल्या दखनीवरच असायचा.

"कान अच्छे हैं अम्मा. इसकी घोडी तैरती." त्याने गिटार कडेवर उभी केली आणि तारांखालची पितळी पट्टी अंगठ्याने दाखवली. "एक तरफ से तारां खींचते, दुसरी तरफ से स्प्रिंगां. बीच में ये अधर. एक तार ढीली करे तो स्प्रिंगां जीत जाते, बाकी सब कस जाते."

"म्हणजे ही लाकडावर टेकलेलीच नाही?"

"नै ना. दबा के देखो."

भामाताईंनी एका बोटाने पट्टी दाबली. ती झुलली, आणि सहाही तारा एकदम कण्हल्यासारख्या झाल्या. त्यांनी बोट उचललं, पाहिलं, आणि पुन्हा दाबलं. त्यांच्या तंबोऱ्याच्या घोडीने असं कधी केलं नव्हतं.

तंबोरा मिरजेला गेला होता. रंगकामाच्या वेळी खुंटीवरून पडून त्याचा भोपळा तडकला, आणि दिवाळीच्या आत तो परत येणार नव्हता. चातुर्मासाचा नेम तर रोजचा: सकाळी पूजा झाली की तंबोऱ्यावर पाच अभंग. नेमात खंड पडू नये म्हणून त्यांनी मुलाच्या, अविनाशच्या, कपाटातून त्याची विजेवरची गिटार काढली. विजेशिवाय तिचा आवाज इतका बारीक होता, की फक्त देवाला आणि त्यांना ऐकू यायचा.

"पांडुरंगाला आता करंट लागतो का?" त्यांच्या यजमानांनी, एकनाथरावांनी, पेपरामागून विचारलं होतं.

"वायर लावलेली नाही हो," भामाताईंनी गंभीरपणे सांगितलं, तसे ते चहा सांडेपर्यंत हसले होते.

कुलदीपचं आबिड्सच्या बाजारातलं दुकान मूळचं हार्मोनियम दुरुस्तीचं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याने काचेआड कोरियन गिटारी टांगल्या होत्या. त्याने खणातून सागवानाचा एक तुकडा काढला.

"इधर एक ठोक दिया तो घोडी टेक जाती. ये डंडी नीचे जाती, ऊपर नै. तार जादा कसे तो थोडी हिलती. दोनों तरफ ठोके तो एकदम पक्का. फिर डंडी कुछ काम की नै. कैसा करूं?"

भामाताईंनी घोडीला जोडलेल्या त्या वाकड्या दांडीकडे पाहिलं. सूर लहरवायला अविनाश तीच हलवायचा.

"मुलाला विचारून सांगते. त्याची आहे ही."

"किधर है बच्चा?"

"अमेरिकेत. कॉम्प्युटरच्या कामावर."

जाताना अविनाशने बजावलं होतं, "आई, हिला कुणी हात लावायचा नाही. मी डिसेंबरात येतोच आहे." एकदा मावसभावाने ती दांडी पिरगाळली, तर हा दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. तो गेल्यापासून दोन डिसेंबर तसेच गेले. दर शुक्रवारी भामाताई गिटार पुसत, तेसुद्धा दांडीला धक्का न लावता.

रविवारी सकाळी आठला अविनाशचा फोन आला. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

"आधी रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या. मग तंबोरा, तारा, स्प्रिंगा, एका बाजूचं लाकूड, दोन्ही बाजूंचं लाकूड, सगळं नीट सांगितलं. त्यांचा आवाज तिकडे पोचून त्याचं उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या.

"आई, ती अजून आहे?" अविनाश हसत होता. "दोन्हीकडून ठोकून घे की. बेस्ट आयडिया."

"मग तुझी दांडी चालायची नाही."

"मला कुठे लागतेय आता? ती आता तुझीच आहे असं समज. बाबा आहेत का जवळ?"

त्यांनी रिसीव्हर एकनाथरावांना दिला. दिल्यावरही त्यांचा हात थोडा वेळ कानाशीच राहिला.

सोमवारी त्या नारायणगुड्याहून रिक्षाने आबिड्सला आल्या, तेव्हा कुलदीप नुकताच शटर वर करत होता.

"दोन्हीकडून," त्या म्हणाल्या.

"पूछ लिए बच्चे कू?"

"विचारलं."

"गुस्सा नै हुआ?"

"नाही." भामाताईंनी गिटार काउंटरवर ठेवली. "अजिबात नाही."

"अच्छा बच्चा है."

कुलदीपने पहिला तुकडा बसवला. दुसरा कानशीने घासला, खोबणीत धरून पाहिला, पुन्हा घासला. हातोडीचा ठोका पडला तशी गिटार टॉवेलसकट सरकली.

"जरा पकडो अम्मा."

भामाताईंनी पदर खोचला, आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.