प्यो गिल-सोकची तोंडी परीक्षा

बुसानला आमची कचेरी जहाजांचे आराखडे काढायची. तिथं थकवा इतका साचायचा की झाडणाऱ्या बाई तो रोज सकाळी सुपलीत भरून बाहेर टाकत, आणि दुपारपर्यंत तो पुन्हा घोट्यापर्यंत चढायचा. माझे बूट त्यानंच कुजले.

या थकव्याच्या मधोमध प्यो गिल-सोक बसायचा. कुठल्या कामावर कुठला माणूस लावायचा, हे ठरवणं ही त्याची नोकरी. संचालक गूसाहेबांना 'माणूस नाही' असं तो जन्मात म्हणाला नव्हता. माणूस कमी पडला की तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीत स्वतःचं नाव लिहायचा. एका शुक्रवारी तक्त्याप्रमाणे तो बुसान, उल्सान आणि कोजे बेटावर एकाच वेळी कामाला होता. तिन्हीकडच्या लोकांनी मला शपथेवर सांगितलं, आला होता म्हणून. कोजेला तर दोनदा भात घेतला म्हणे.

मग वरून हुकूम सुटला : माणसं वाटणाऱ्याकडे मनुष्यबळ नियोजकाचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर कोजेच्या गोदामात रंगाचे डबे सांभाळा. प्योची मुलगी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्षाला होती. घर हलवणं शक्यच नव्हतं.

लेखी परीक्षेत तो आपटला. आठ माणसं दिली होती, काम दहा जणांचं. एक काम पुढं ढकला, एवढंच उत्तर होतं. यानं दोन ठिकाणी स्वतःचं नाव घातलं. परीक्षकांनी लाल शाईत लिहिलं, 'हा प्यो प्रश्नात नाही.'

पुढच्या खेपेला लेखी कसंबसं निघालं. राहिली तोंडी. ती मलाही द्यायची होती; माझा नंबर त्याच्यामागं होता. दार अर्धवट उघडं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"समजा मी तुमची संचालक आहे," परीक्षक यॉम बाई म्हणाल्या. "शनिवारी दोन माणसं हवीत. एकही मोकळा नाही. काय सांगाल?"

"बघतो, साहेब."

"बघतो हे उत्तर नाही, प्योसाहेब."

"मग... मी येतो."

"झोपता कधी हो तुम्ही?"

"जमेल तसं, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी जा. तुम्हाला पास केलं तर पाप लागेल मला."

तेवढ्यात परीक्षा केंद्रातल्या कारकून बाई दोन्ही हातांनी फोन धरून आत गेल्या. "गूसाहेब आहेत. यांचा मोबाइल बंद आहे म्हणून इथं लावला. ऐकतच नाहीत."

प्यो ताडकन उठला, कानाला फोन लावून कमरेत वाकला. आमच्याकडे फोनवरसुद्धा वाकतात. गूसाहेबांचा आवाज असा की फोन नसता तरी पोचला असता.

"प्यो! शनिवारी दोन माणसं!"

प्यो वाकलेलाच. त्याच्या पाठीचा घाम मला दारातून दिसत होता. मग अगदी हळू, आजारी माणसानं पाणी मागावं तसा तो म्हणाला, "माणूस नाही, साहेब."

"रॉंग नंबर," म्हणून गूसाहेबांनी फोन ठेवला.

लगेच पुन्हा घंटी. "प्योला द्या."

"मीच आहे, साहेब. शनिवारी कुणी नाही."

"कोण बोलतंय? चेष्टा करता?" फोन पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा साहेबांचा आवाज घाबरलेला होता. "प्योला काही झालंय का? त्याच्या जागी कुणाला बसवलंय?"

"कुणाला नाही, साहेब. मीसुद्धा शनिवारी नाही. मंगळवारी दोघं देतो."

पलीकडे कॅलेंडरचं पान फडफडलं. मग, "बरं. मंगळवारी."

यॉम बाईंनी कागदावर शिक्का उमटवला.

"झालं, प्योसाहेब. पास. या आता."

"बाई, जरा बसू?"

तो बसला, आणि बसता बसता झोपला. त्याला उठवायचा कुणाला धीर होईना. माझी तोंडी यॉम बाईंनी व्हरांड्यात, उभ्याउभ्या, कुजबुजत घेतली.