नेत्राच्या मामाचं मत

ज्या डब्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची आणि मिळायचं काहीच नाही, असा डबा मी त्या शनिवारपर्यंत पाहिला नव्हता. आमच्या कुळगावात नवरात्रात मंडळाचा लकी ड्रॉ असतो. आईच्या भिशीत चिठ्ठी निघते. उल्हासनगर कॅम्प दोनच्या ज्या मोबाइलच्या दुकानात मी कामाला आहे, तिथे शेठ दिवाळीला कूपनं काढतो. चिठ्ठी म्हणजे काहीतरी मिळणार, एवढं शिक्षण माझं झालं होतं.

माझी बहीण जिज्ञासा आणि दाजी अमित, दोघांचीही त्या दिवशी ड्युटी. म्हणून भाची नेत्राच्या शाळेत पालकसभेला मी गेलो. ताईनं सांगितलं होतं, सही कर आणि ये. सभेत मुख्याध्यापिका बाई कुठल्याशा कायद्याबद्दल बोलल्या, मग शिपाई स्टीलचा डबा घेऊन फिरला. इच्छुकांनी नाव टाका म्हणाला. मी इच्छुकच होतो. केजीतल्या एका मुलीनं चिठ्ठी काढली. दिपेश म्हात्रे. जोरात टाळ्या वाजल्या. मी स्टेजवर जाऊन गुलाबाचं फूल घेतलं आणि बाईंना हळूच विचारलं, वस्तू कुठून घ्यायची?

वस्तू नव्हती. मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर निवडून आलो होतो. राज्याचा कायदाच आहे म्हणे, शाळेला फी वाढवायची तर आधी या समितीपुढे ठेवावी लागते, आणि समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडावे लागतात. बाकीच्या पालकांना हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर डब्यात चिठ्ठ्या कमी होत्या आणि हॉलमध्ये टाळ्या जास्त.

घरी हे ऐकून आई हसली, ताई नाही. पुढच्या वर्षाची फी याच समितीपुढे येणार होती. वाढली तर झेपणार नाही, नेत्राला काढून स्टेशनपलीकडच्या शाळेत घालायचं, हे ताईचं आणि दाजींचं ठरलेलं होतं. त्या शाळेत प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि आमच्या समितीची बैठक एकाच दिवशी आली. नेत्रानं तर जुनी शाळा सोडणार नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

"आत गेलायस ना, मग आता हात वर नको करूस," ताई म्हणाली. "एवढंच काम आहे तुला. हात खाली ठेवायचा. जमेल?"

मी म्हटलं, आजवर दुसरं काय केलंय?

तरी धाकधूक होतीच. दुकानात चार्जर घ्यायला एक वकील आले, त्यांना विचारलं, समितीनं फी वाढवलीच तर पालकाला तक्रार करता येते का? म्हणाले, येते, पण एकट्याची चालत नाही, पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. मी म्हटलं, बिस्किटाच्या पुड्यात अळी निघाली तर पाव गाव गोळा करावं लागतं का? ते म्हणाले, तिथे तू ग्राहक असतोस. मग शाळेत कोण असतो? यावर त्यांनी बराच वेळ दोन्ही बाजूंनी सांगितलं, आणि चार्जर न घेताच गेले.

बैठकीला समोसे होते. बाईंनी नवी फी वाचली. शिक्षकांचे हात लगेच वर. माझ्या शेजारी राजेंद्र नावाचे शिवणकाम करणारे गृहस्थ होते, त्यांनी हात कानापर्यंत नेला आणि कान खाजवत तिथेच ठेवला. "मुलगा दहावीला आहे, भाऊ," ते माझ्या कानात म्हणाले. बाईंनी तो हातही मोजला. तरी एक कमी पडत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातावर बसलो.

"मिस्टर म्हात्रे, आपण नेत्राचे वडील ना?"

"मामा."

बाईंचा चेहरा उजळला. मग तुम्ही पालक नाही, म्हणाल्या, तुमचं मत धरता येणार नाही. मला ते पटलं. मी म्हटलं, मग माझी चिठ्ठीही धरता येणार नाही, समिती अपुरी झाली, पुन्हा डबा फिरवा. बाई शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून आलेल्या माणसाशी कुजबुजल्या. त्यावर मी पालक झालो, कारण मामाही पालक असू शकतो. मी म्हटलं, मग माझं मत फीवाढीच्या विरोधात. म्हणजे फी अडली. तर मी परत मामा झालो. समोसे थंड होईपर्यंत मी किती वेळा पालक झालो, मलाच आठवत नाही. राजेंद्र कान खाजवतच होते. शेवटी बाईंनी इतिवृत्तात लिहून घेतलं, श्री. म्हात्रे कोण आहेत हे निश्चित झाल्यावर विषय पुन्हा घेण्यात येईल.

मी बाहेर आलो तोच ताईचा फोन. ती त्या दुसऱ्या शाळेच्या खिडकीपाशी रांगेत होती, नेत्राला घेऊन.

"वाढली?"

"नाही."

"म्हणजे नाही वाढली."

"तसंही नाही. मी कोण आहे ते ठरेपर्यंत वाढत नाही."

"ते कोण ठरवणार?"

"तेच ठरत नाहीये."

पलीकडून खिडकीवरचा माणूस ओरडत होता, मॅडम, जल्दी करो.

"दिप्या, एका शब्दात सांग. ठेवू की काढू?"

मला खरंच माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर काचेपलीकडे बाई आणि संस्थेचा माणूस माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स उलटीसुलटी करून बघत होते. दोघंही माझ्यापेक्षा खूप शिकलेले. हे लवकर सुटणारं नव्हतं.

"ठेव," मी म्हणालो.

संध्याकाळी मी पेढे घेऊन ताईकडे गेलो. नेत्रा माझ्याशी बोलेना. त्या दुसऱ्या शाळेच्या मैदानात लांबलचक घसरगुंडी होती, आणि रांगेत तिला एक मैत्रीणही मिळाली होती. दोघींनी एकाच बाकावर बसायचं ठरवलं होतं.

"सगळं ठरलं होतं, मामा," ती म्हणाली. "तू मध्येच आलास."

सोमवारी ती जुन्याच शाळेत गेली. कुठल्या फीवर, ते अजून कोणालाच माहीत नाही.