येल्ला आयतु

“अहो बाई, सगळं आयतं पाहिजे असं तुम्हीच तर म्हणालात! आता कशाला आलात रडायला?”

खरवडे साहेबांनी हे फाइलीतून मान वर न काढता म्हटलं. सोलापूरच्या त्या कचेरीत गौरम्मा सकाळपासून उभी होती. बाकावर जागा होती, पण ‘बस’ असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न सांगता बसायला ती काही सरकारचा जावई नव्हती. रडत तर ती मुळीच नव्हती.

“आयतं? आमी? कवा म्हटलं?”

“मी या कानांनी ऐकलंय. परदेशी पाहुण्यांसमोर माझी मान खाली घातलीत.”

गौरम्माची वस्ती मैंदर्गीच्या वाटेवर, एका गावाच्या बाहेर. साल त्र्याहत्तर. दुष्काळानं माणसं आणि गुरं एकसारखी दिसू लागली होती. गावच्या विहिरीला तळाशी पाणी होतं, पण वस्तीतल्या बायांनी तिच्यात पोहरा सोडायचा नाही, ही गावची रीत. काठापासून दूर घागरी मांडून बसायचं. एखाद्या गाववाल्या बाईला दया आली तर ती वरून ओतणार, नाही आली तर उन्हात बसून राहायचं. ही रीत कायद्यानं केव्हाच बंद केली होती म्हणतात. कायदा अक्कलकोटपर्यंत एसटीनं आला असेल. पुढे वस्तीपर्यंत पायवाट होती, तिथं तो कशाला येतोय?

त्या वर्षी कुठकुठल्या देशांना सोलापूरची दया आली होती. तांबडी मिलो ज्वारी आली, दुधाची भुकटी आली आणि शेवटी खडक फोडून पाणी काढणारी मशीन आली. तिच्याबरोबर एक उंच गोरा साहेब आला. माणूस सरळ होता. त्याचा हट्ट दोनच गोष्टींचा. हातपंप बसवायचा तो ज्यांना विहिरीवर उभं राहू देत नाहीत त्यांच्या दारात, आणि ज्यांचा पंप त्यांनी ओटा आणि गटार आपल्या हातानं करायचं. म्हणजे पंप त्यांचा होईल, ते त्याला जपतील, साहेब लोक निघून गेले तरी पाणी राहील. यात खोट काढायला जागा नव्हती. पण चांगली गोष्ट वस्तीपर्यंत पोचायची तर मधे खरवडे साहेबांच्या तोंडातून जावं लागे, तिथंच घोडं पेंड खात होतं.

वस्ती कामाला लागली होती. बाया दिवसभर सरकारी कामावर खडी फोडत आणि परतताना डोक्यावर एकेक दगड घेऊन येत. माळावरच्या देवळामागे त्यांनी ओट्यासाठी दगडांची रास घातली. चुनखडी आणली. गटाराचा चरसुद्धा खणून ठेवला. साहेब बुधवारी येणार असा निरोप होता, म्हणून बुधवारी कुणी कामावर जायचं नाही असं ठरलं. जीप आली मंगळवारी. वस्तीत सापडल्या त्या म्हाताऱ्या आणि पोरं.

“कोन म्हटलं आयतं?” गौरम्मानं विचारलं. “कोन, ते सांगा की.”

“ती म्हातारी. कपाळभर विभूती, हातात काठी. मी मराठीत नीट विचारलं, आजी, ओट्याचे दगड, गटाराचं काम, हे कोण करणार? तर काठी नाचवत म्हणाली, ‘येल्ला आयतु, येल्ला आयतु!’ अहो, तीन वर्षं झाली मला या जिल्ह्यात. येल्ला म्हणजे सगळं, एवढं कन्नड मलाही कळतं. सगळं आयतं! वर देवळाकडे हात करते. म्हणजे काम कोण करणार, तर देव! मी साहेबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, जिथं लोकांना कामाला हात लावायचा नाही तिथं पंप टिकायचा नाही. झालं.”

म्हातारी म्हणजे गौरम्माची सासू, सुंदरम्मा. तिला मराठीचा गंध नव्हता. गौरम्माचं माहेर सोलापुरातलं, गिरणीच्या चाळीतलं, म्हणून वस्तीत दोन्ही भाषा बोलणारी ती एकटी.

“साहेब,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज कचेरीत घुमला, “आयतु म्हंजे आयतं न्हवं. आयतु म्हंजे झालं. येल्ला आयतु म्हंजे समदं झालं. आमचं काम करून झालं, आसं सांगत हुती ती! देवळामागं दगडं हायत, ती दावत हुती!”

खरवडे साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या सिद्धप्पा शिपायाकडे पाहिलं. “काय रे?”

“व्हय साहेब,” सिद्धप्पा हळूच म्हणाला. “आयतु म्हंजे झालं.”

आणि खरवडे साहेब हसले. ओशाळून हसले असते तर एक वेळ चाललं असतं. ते मनापासून हसले. “अरे! काय मासला आहे! आयतु आणि आयतं!” हेडक्लार्क चष्मा काढून डोळे पुसू लागला. पलीकडच्या टेबलावरच्यानं ‘काय झालं, काय झालं’ म्हणून खुर्ची ओढली, त्याला सगळं पुन्हा सांगण्यात आलं, आणि तोही हसला. किस्सा चांगलाच होता. पुण्याला गेल्यावर जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखा.

“हसताय काय?” गौरम्मा म्हणाली. “मशीन आना की मग परत.”

“आता कुठली मशीन? ती गेली तिकडे, उसाच्या मुलखात. पाहुणेही परतले आपल्या देशी. पुढच्या वर्षी काही कार्यक्रम आला तर बघू.”

“उसाच्या मुलखात? तितं पाटानं पानी हाय!”

“असेल. पण तिथल्या लोकांनी नीट उत्तरं दिली.”

हे ऐकून तिच्या अंगाची लाही लाही झाली. “नीट म्हंजे मराठीत, असंच न्हवं का? तुमाला येत न्हवतं, तर इचारायचं की! तुमच्या दारातच मानूस हाय कन्नड बोलनारा. आमच्या बायांच्या डोस्कीची सालटी निघाली दगडं वाहून, आनि आमी आयतखाऊ? चला वस्तीवर. माझ्या कानाची चूक झाली, असं तुमच्या तोंडानं सांगा बायांला. मशीन ऱ्हाऊ द्या, येवढं तरी करा.”

साहेबांचं हसू आवरलं. “बाई, तोंड सांभाळून. सरकारी कचेरी आहे ही.” त्यांनी पुढची फाइल ओढली. चूक कळली होती, ती त्यांनी हसून घेतली होती. त्यांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं.

जिन्यापर्यंत सिद्धप्पा तिच्या मागे आला. “अक्का, त्या दिशी मीबी गाडीसंगट हुतो. लांबच थांब म्हनले. न्हायतर…”

“आत्ता जवळच हुतास की,” ती म्हणाली. “कुनाला काय फरक पडला?” तो मान खाली घालून माघारी गेला.

एसटीत तिला जागा मिळाली नाही. दांडीला धरून ती संतापानं नुसती जळत होती. खरवड्यावर, त्या हेडक्लार्काच्या पुसलेल्या डोळ्यांवर, आणि हो, त्या सरळ गोऱ्या साहेबावरही. इतक्या लांबून येऊन तो लोकांना विचारायला बसला होता, मग उत्तर कुणाच्या तोंडून ऐकतोय ते नको पाहायला? पण अक्कलकोट मागे पडलं तशी रागाच्या खालून भीती वर आली. बाया विचारणार. खरं सांगितलं तर खरवडे त्यांच्या हाताला लागायचा नाही. हाताला लागेल ती सुंदरम्मा. तुझ्या जिभेनं पाणी घालवलं, असं म्हातारीला मरेपर्यंत ऐकावं लागेल. म्हातारीची जीभ तर खरं तेच बोलली होती.

वस्तीत शिरताच बाया गोळा झाल्या. सुंदरम्मा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. घरी सगळं बोलणं कन्नडातच चाले. “काय म्हणाले ग? कधी येतात?”

गौरम्मा आयुष्यात कुणाला घाबरून खोटं बोलली नव्हती. आता ती सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलली. “मशीन मोडली. त्यांच्या देशाला परत नेली दुरुस्तीला.”

एक जण खाली बसली. सुंदरम्मानं पदर तोंडाशी नेला आणि डोळे भरून ती म्हणाली,

“पाप! पाप! आपल्यासाठी किती लांबून आले होते ग.”

कन्नडात पाप म्हणजे बिचारे. म्हातारीला त्या साहेब लोकांची कणव आली होती. गौरम्माला मात्र तो शब्द त्या संध्याकाळी मराठीतच ऐकू आला. तिनं सासूच्या पाठीवरून हात फिरवला, दाराशी पडलेल्या दोन घागरी उचलल्या आणि उजेड आहे तोवर नंबर लागावा म्हणून ती गावच्या विहिरीकडे निघाली.